घरी परत येणारा बाप: ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’ आणि यशस्वी माणसाचं बालपण

मागच्या वेळी आपण आत्मचरित्रांविषयी बोललो, तेव्हा शेवटी एक प्रश्न राहून गेला होता. माणूस आपलं बालपण सांगतो, तेव्हा सांगणारा नेमका कोण असतो? ते पोर, की त्या पोराचा पुढं झालेला मोठा माणूस? आज त्याच प्रश्नासाठी मी एक अमेरिकन विनोदी मालिका घेतली आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं सिटकॉम घेऊन बसावं याचं काहींना हसू येईल. येऊ द्या, विषय हसण्याचाच आहे.

मालिकेचं नाव ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’. म्हणजे, ख्रिस कुणाला म्हणून आवडत नाही. त्या काळात ‘एव्हरीबडी लव्हज रेमंड’ ही मालिका खूप गाजलेली होती, तिच्या नावाची ही थट्टा. सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झाली, मे २००९ मध्ये संपली. चार हंगाम, ८८ भाग. ख्रिस रॉक हा अमेरिकेतला मोठा कृष्णवर्णीय विनोदवीर, एकटा माईक घेऊन उभा राहणारा. त्याच्या पोरवयावर ही बेतलेली आहे आणि अली लेरॉय यांच्याबरोबर त्यानंच ती निर्माण केली. काळ १९८२ पासून पुढचा. जागा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली बेडफर्ड-स्टायव्हसंट ही कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती, लोक तिला ‘बेड-स्टाय’ म्हणतात. आईनं ठरवलंय की पोरगा चांगल्या शाळेत जाणार. म्हणून तो रोज दोन बस बदलून गोऱ्यांच्या शाळेत जातो आणि तिथं रोज मार खातो.

पडद्यावर टायलर जेम्स विल्यम्स हा मुलगा, आणि मागून निवेदन करणारा आवाज खुद्द ख्रिस रॉकचा. सगळी गंमत या आवाजात आहे, आणि धोकाही त्यातच आहे.

बघा, पडद्यावरच्या पोराला पुढचं काही माहीत नाही. आवाजाला सगळं माहीत आहे, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षकालाही माहीत आहे. तो घरी बसून बघतोय, त्याच्या डोळ्यांपुढं नाक फुटलेला पोरगा आहे, पण कानात एका यशस्वी माणसाचा आवाज आहे. म्हणून तो निर्धास्त हसतो. कीर्केगार्डनं एक साधी गोष्ट सांगितली होती: आयुष्य कळतं ते मागं वळून पाहिल्यावर, पण जगावं लागतं पुढं तोंड करून. इथं दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. पोरगा पुढं जगतोय, आवाज मागं बघतोय.

आपल्याकडं दया पवारांचं ‘बलुतं’ आलं १९७८ साली. त्यातही दोन माणसं आहेत. लेखक झालेला दया पवार ऐकतोय आणि दगडू मारुती पवार बोलतोय. म्हणजे तिथं शिकलेल्या, नाव मिळवलेल्या माणसाला गप्प बसून ऐकावं लागतं. या मालिकेत बरोबर उलट आहे. नाव मिळवलेला माणूस बोलतो, आणि पोराचं जगणं त्याच्या बोलण्यातून आपल्यापर्यंत येतं.

मग बिघडतं काय? बिघडू शकतं ते असं. यशस्वी माणसानं सांगितलेलं दुःख आपोआप पायरी होऊन बसतं. मार खाल्ला म्हणून विनोद सुचला, विनोद सुचला म्हणून मोठा झाला, म्हणजे मार खाल्ला ते बरंच झालं! असा हिशेब कुणी उघड मांडत नाही, पण ऐकणारा मनातल्या मनात मांडतो. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञानं ‘नैतिक नशीब’ अशी कल्पना मांडली. त्याचं उदाहरण चित्रकार गोगँचं. बायकापोरं सोडून तो गेला. पुढं चित्रं थोर झाली, तरच त्याला त्या निर्णयाचं स्वतःपुरतं काही समर्थन सापडू शकतं. चित्रं फसली असती तर? तर फक्त घर टाकलेला माणूस उरतो. मला इथं तोच प्रश्न दिसतो, फक्त बाजू बदललेली आहे. त्याच बसनं जाणारी, तसाच मार खाणारी दुसरी पोरं होतीच की. ती विनोदवीर झाली नाहीत. त्यांच्या मारानं कसली पायरी बांधली?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही, हे कबूल केलं पाहिजे. मी कॉलेजात असताना पहाटे दुधाची लाइन टाकायचो. पुढं प्राध्यापक झाल्यावर दर वर्षी निरोपसमारंभात मी ती दुधाची गोष्ट रंगवून सांगत असे. पोरं टाळ्या वाजवायची. एका वर्षी एम. ए.ला दोनदा बसून राहिलेला एक विद्यार्थी कार्यक्रमानंतर जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, “सर, मीही सकाळी पेपर टाकतो. पण तुमची गोष्ट पुरी झाली, म्हणून ती ऐकायला बरी वाटते.” मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. पण दुधाची गोष्ट मी त्यानंतर सांगितली नाही.

आता मालिकेकडं या. त्या पहिल्या भागात मला काय दिसलं ते सांगतो. ख्रिसचा बाप ज्यूलियस, हे काम टेरी क्रूजनं केलंय. अंगानं पहिलवान आणि दोन-दोन नोकऱ्या करणारा. त्याला जगातल्या प्रत्येक वस्तूची किंमत पाठ. दूध सांडलं की किती सेंटचं सांडलं हे तो लगेच सांगतो. झोपेत कुणी वेळ बघत नाही, तेव्हा रात्री घड्याळाची वायर काढून ठेवा म्हणतो. आपण हसतो. कंजूष बाप हे विनोदातलं जुनंच पात्र आहे. पण भागाच्या शेवटी तो आवाज एक वेगळी गोष्ट सांगतो. माझा बाप प्रेमबीम बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता. आमच्या गल्लीत घरी असलेले बाप मोजून चार, त्यांतला तो एक. सकाळी भेटू, असं तो म्हणायचा, आणि सकाळी खरंच घरी यायचा. घरी येणं हीच त्याची प्रेम सांगायची रीत.

माझ्या मते मालिका इथं त्या धोक्यातून वाचते. मागं वळून बघणाऱ्या आवाजाला जे कळलंय ते ‘मी कसा मोठा झालो’ हे नाही. त्याला बाप कळलाय. पोराला तेव्हा फक्त सेंट मोजणारा माणूस दिसत होता. मोठ्या माणसाला कळतं की त्या सेंटांच्या मागं रात्रपाळी होती. मागाहून येणाऱ्या शहाणपणाचा एक उपयोग म्हणजे स्वतःचं समर्थन, आणि दुसरा म्हणजे ऋण ओळखणं. यातला दुसरा फार थोड्यांना साधतो. आणि या ऋणाला यशाची गरज लागत नाही, हे महत्त्वाचं. ख्रिस पुढं कुणीही न होता तरी बाप सकाळी घरी आलाच होता.

याच ब्रुकलिनमध्ये, याच दशकात, आणखी एक कृष्णवर्णीय कुटुंब टीव्हीवर होतं. ‘द कॉस्बी शो’, १९८४ पासून. बाप डॉक्टर, आई वकील, घर ब्रुकलिन हाइट्ससारख्या श्रीमंत भागात. तिथं पैशाचा विषय निघाला तर मुलांना धडा द्यायला. ज्यूलियसच्या घरात पैसा हा धडा नव्हे, हवा आहे. विजेचं बिल भरायचं की गॅसचं, हाच प्रश्न. टीव्हीनं गरिबी एवढी आकड्यांत क्वचित दाखवली असेल.

पण दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ही समीक्षा नव्हे, सत्कार होईल. एक म्हणजे शाळा. रॉकनं मुलाखतींतून सांगितलंय की त्या गोऱ्यांच्या शाळांत त्याला मारहाण आणि वर्णद्वेषी शिव्या सोसाव्या लागल्या. मालिकेत ते कारुसो नावाच्या एका दांडग्या पोरावर येऊन थांबतं. अख्ख्या व्यवस्थेचं ओझं एका लाल केसांच्या मुलाच्या डोक्यावर! याला अपवाद बाई मोरेलो. या शिक्षिकेचं मन चांगलं आहे, तिला ख्रिसची दया येते. पण कृष्णवर्णीय म्हणजे बाप पळालेला, आई व्यसनी, असं ती धरूनच चालते. दोन नोकऱ्या करणारा बाप तिच्या डोळ्यांना दिसतच नाही. कारुसोच्या ठोशापेक्षा ही दया मला जास्त लागली.

दुसरा दोष आईचा. टिशिना अर्नोल्डनं रोशेल झकास उभी केली आहे, पण लेखकांनी तिला बऱ्याचदा ओरडण्यापुरतं ठेवलंय. नवऱ्याच्या दोन नोकऱ्यांचा दाखला देत ती स्वतःची नोकरी सोडते, हा विनोद किती वेळा यावा? रॉकच्या खऱ्या आई शिक्षिका होत्या. बापाचं ऋण ओळखणारा आवाज आईच्या वाट्याला तेवढा उदार होत नाही.

शेवटी एक तारखांची गोष्ट. ख्रिस रॉकचा जन्म १९६५चा. म्हणजे १९८२ साली तो सतरा वर्षांचा होता. मालिकेतला ख्रिस तेव्हा जेमतेम तेरा. घड्याळ मुद्दाम पुढं सरकवलंय. आणि चौथा हंगाम १९८७शी येऊन थांबतो. खरे ज्यूलियस रॉक वारले १९८८ साली. म्हणजे ८८ भागांत बाप जिवंत आहे, रोज घरी येतोय, आणि ते वर्ष उजाडायच्या आत मालिका थांबते.

शेवटच्या भागात ख्रिसनं शाळा सोडलीय, शाळेऐवजी द्यायची परीक्षा दिलीय, निकाल यायचाय. सगळं घर एका खानावळीत बसलंय. आणि निकाल सांगायच्या आत पडदा काळा होतो. पुढची कीर्ती नाही, टाळ्या नाहीत. आपल्याला ठाऊक आहे म्हणून आपण ती मनात जोडतो, हा आपला दोष.

त्या विद्यार्थ्याला आज मी एवढंच म्हणू शकेन: पुरी न झालेली गोष्टही सांगण्याजोगी असते. फक्त ती सांगताना ‘मी कुठं पोचलो’ हे बाजूला ठेवायचं, आणि पहाटे आपल्यासाठी कोण उठत होतं ते आठवायचं. माझ्या दुधाच्या गोष्टीत मी हे कधीच सांगितलं नव्हतं, की साडेतीनला मला हाक मारायला आई जागी असायची. इतकी वर्षं ती गोष्ट मी एकट्याचीच करून सांगत होतो.