चालेल!

सांगलीला सासुरवाडी असलेल्या सातारकर जावयाने जाताना काय न्यावं, हा प्रश्न खरं म्हणजे पडायलाच नको. अर्धा किलो कंदी पेढे घेतले, की जावयाचं कर्तव्य संपतं. मला मात्र गेली काही वर्षं पेढ्यांबरोबर तंबाखूही न्यावी लागते. पेढे संपतात. तंबाखू नापास होते.

आमचे सासरे, म्हणजे दादा, पाईप ओढतात. सांगलीच्या गावभागात तंबाखू मळणारे चिक्कार, मशेरी लावणाऱ्याही पुष्कळ. पण पाईपवाले दादा एकटेच. १९७५ च्या सुमारास कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरने त्यांना हा नाद लावला. यंत्र पुढे भंगारात गेलं, नाद राहिला. डॉक्टरांनी "बंद म्हणजे बंद" असं बजावल्यावर दादांनी घासाघीस करून रात्रीच्या जेवणानंतर एक पाईप एवढ्यावर सौदा तोडला. डॉक्टरांना तो सौदा अजून माहीत नाही. मी स्वतः ओढत नाही. पण बँकेतल्या कारकुनाने आयुष्यभर दुसऱ्याचेच पैसे मोजायचे असतात, तेव्हा दुसऱ्याच्या तंबाखूवर मत द्यायला मला अवघड वाटत नाही.

दादांची तंबाखू म्हणजे 'डार्क स्टार'. अमेरिकेत कॅन्सस सिटीला मॅक्लेलंड नावाची कंपनी होती, तिची. धाकटे मेहुणे येताना नियमात बसतील तेवढे डबे आणायचे. झाकण उघडलं की पहिला वास यायचा तो चक्क टोमॅटो केचपचा! त्यामागून तासगावच्या बेदाण्यांचा, आणि अगदी शेवटी तंबाखूचा. २०१८ साली ही कंपनी बंद पडली. मालकांनी कारण दिलं, की हवं तसं पान आता मिळत नाही. आमच्याकडे या कारणाने दुकान बंद करणारा अजून जन्माला यायचाय.

मेहुण्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगांतून दोन-दोन करत डझनभर डबे पाठवले. दादांनी रेशनिंग सुरू केलं. आठवड्यातून एकदा भरलेला पाईप, एरवी रिकामाच तोंडात. असे नऊ डबे शिल्लक असताना २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागात घराघरात शिरलं. माणसं वेळेवर बाहेर पडली, हे महत्त्वाचं. पण खालच्या कपाटातले आठ डबे चिखलात गेले. नववा तेवढा वाचला, कारण सासूबाईंनी तो रागाने माळ्यावर लपवून ठेवला होता.

तेव्हापासून पर्याय शोधण्याचं खातं माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा निपाणी. आमच्या शाखेतला एक सहकारी तिकडचा. त्याने घरच्या माणसाकडून काळसर पान आणवलं. रंग बघून मला वाटलं, जमलं! दादांनी दोन झुरके घेतले आणि म्हणाले, "जावईबापू, ही बिडी आहे. पाईपातली बिडी."

इथे मला तंबाखूचा अभ्यास करावा लागला, आणि अभ्यासाला उपयोगी पडला तो आमचा कंदी पेढा. व्हर्जिनियाचं पान बंद भट्टीत गरम हवेवर वाळवतात, त्यामुळे पानातली साखर पानातच राहते. मग तेच पान पुन्हा वाफेवर किंवा आचेवर तापवलं, की साखर काळवंडते आणि पान गडद, गुळचट होतं. खवा खरपूस भाजून साताऱ्यात पेढ्याचं जे करतात तेच. बिडीच्या पानात मुळात साखरच बेताची. ते कितीही काळं दिसलं तरी त्याचा कंदी पेढा व्हायचा नाही. मी रंगावर गेलो होतो. पर्याय शोधणारे बहुतेक लोक रंगावरच जातात.

मग एक डॅनिश तंबाखू. पान व्हर्जिनियाचं, पण पिवळंधमक. दादांची जीभ पोळली आणि तीन दिवस त्यांनी आमटीला नावं ठेवली.

पण साखर तर यातही होती! आमची आजी तव्यावर तंबाखू काळी करून मशेरी करायची, तिचा नातू एवढंही करणार नाही? उरलेली डॅनिश तंबाखू बरणीत घट्ट बंद करून मी चार तास ओव्हनमध्ये ठेवली. शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुणाचं काय जळतंय? बायकोने त्या ओव्हनमध्ये नंतर केक केला नाही तो नाहीच. तंबाखू मात्र गडद तपकिरी झाली, बेदाण्याचा वासही आला. दादांनी अर्धा पाईप ओढला. "शिजलीय," ते म्हणाले, "मुरली नाही." हळद हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षं सांभाळलेली पाहिलेला माणूस तो. त्याला चार तासांचा खेळ काय कळणार नाही? माझ्या मते आजवरचा सगळ्यात प्रामाणिक पर्याय हाच होता, पण परीक्षक मी नव्हतो.

शेवटी इंग्लंडातल्या केंडल गावची आली, सहकाऱ्याच्या लेकीबरोबर. सॅम्युएल गविथ, घराणं १७९२ चं, म्हणजे आपल्याकडे सवाई माधवराव गादीवर होते तेव्हाचं. 'फुल व्हर्जिनिया फ्लेक'. दाबलेल्या काळ्या पट्ट्या, अळूवडीसारख्या ओलसर. दादांनी त्या वर्तमानपत्रावर तासभर वाळवल्या, चुरल्या, भरल्या. केचपचा वास नाही. बेदाणा आहे, पण लाजरा. मी लेजर जुळायची वाट बघावी तसा त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. बराच वेळ गेला.

"चालेल," दादा म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला होता, २००६ साली, याच खोलीत, पोहे खाल्ल्यावर. त्याआधी पुण्याच्या एका इंजिनिअरशी ठरत आलेलं फिसकटलं होतं. मी बी.कॉम., बँकेत. दादांनी माझ्याकडे असंच बराच वेळ पाहिलं होतं.

मला जरा धीर आला. म्हटलं, "दादा, माळ्यावरचा डबा काढू का? शेजारी शेजारी ओढून बघता येईल."

"नको," ते म्हणाले. "मग ही चालायची नाही."

तेवढ्यात सासूबाई आतून पेढ्यांचं ताट घेऊन आल्या. त्यांनी एक तोंडात टाकला, थांबल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुकान बदललंत का हो?"