‘मंडळी’ म्हणजे कोण? : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

(रामटेक येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

व्याख्यानाची सुरुवात आम्ही नेहमी याच शब्दानं करतो. आज मात्र हा शब्दच आमचा विषय आहे. मराठीत ‘मंडळी’ म्हणजे जमलेली माणसं. जुन्या पिढीत ‘आमची मंडळी’ म्हणजे घरची बायको. आणि मराठी बायबलात ‘मंडळी’ म्हणजे चर्च. दगडविटांची इमारत नव्हे, तिथं जमणारी माणसं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. पण आपण ते पुस्तक वाचतो ते विनोदासाठी, आणि तऱ्हेवाईक नवऱ्याबरोबर केलेल्या संसाराची हकिगत म्हणून. तो आनंद खराच आहे. फक्त त्यात एक प्रश्न हातचा निसटतो : माणूस ख्रिस्ती ‘होतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

सुरुवात आपल्या भागातूनच करू. रेव्हरंड नारायण वामन टिळक तेव्हा रेव्हरंड नव्हते. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं ते संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन माणसाशी त्यांचं बोलणं झालं आणि बायबल त्यांच्या हाती आलं. पुढं वाचन, मनन, पत्रव्यवहार, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. हा प्रवास बुद्धीचा आहे. एकटा माणूस, एक पुस्तक, एक निर्णय.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांना हे उदाहरण फार आवडलं असतं. १९०२ साली आलेल्या त्यांच्या धर्मानुभवावरच्या ग्रंथात धर्म म्हणजे एकेकट्या माणसाचा, त्याच्या एकांतातला अनुभव, अशी मांडणी आहे. संस्था, पाळक, विधी हे सगळं नंतरचं, दुय्यम.

आता लक्ष्मीबाईंकडे या. त्यांनी काहीच ठरवलेलं नाही. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षं ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्या तेव्हा चूल वेगळी, पाणी वेगळं. मग हळूहळू काय घडलं, त्याचा क्रम नीट बघा. आधी विटाळाची भीती गेली. जात माणसानं केलेली आहे, हे त्यांचं त्यांना उमगलं. दुष्काळातली अनाथ मुलं घरात आली, आजारी माणसांची शुश्रूषा आली. बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, या वाटेवर बरंच चालून झाल्यावर. म्हणजे सिद्धांत पटला म्हणून त्या मंडळीत गेल्या नाहीत. माणसांत मिसळता मिसळता एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपण इथल्याच झालो आहोत.

जेम्स यांचेच मित्र आणि सहकारी जोसाया रॉइस यांनी १९१३ मध्ये याचं उत्तर दिलं होतं. ते म्हणतात, ख्रिस्ती धर्माचा गाभा एकट्या माणसात सापडत नाही, समुदायात सापडतो. आणि समुदाय म्हणजे गर्दी नव्हे. ज्यांनी एक भूतकाळ आपला मानला आणि एक आशा आपली मानली, त्यांचा समुदाय होतो. स्मृती आणि आशा. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाच्या नावातच पहिला शब्द आहे, बरं का!

हे काही परदेशी आहे असं समजू नका. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघालेले हरिपाळ वाटेत ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंना भेटले आणि चक्रधर झाले. चक्रधरांच्या मागं पंथ टिकला तो कशावर? म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, त्यावर. ‘लीळाचरित्र’ हे ग्रंथ होण्याआधी एका मंडळीचं आठवणं होतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण समीक्षकानं इथंच थांबलं तर तो आरती करतोय असं होईल. आमच्या दोन हरकती आहेत.

पहिली हरकत खुद्द टिळकांची आहे. १९१७ साली त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते आणि न घेतलेलेही. बावीस वर्षं मंडळीत राहिलेल्या माणसाला हे का करावंसं वाटलं? कारण मंडळी जशी कुशीत घेते, तशी दारही लावून घेते. आत कोण आणि बाहेर कोण, याची वही ठेवते. शिवाय ती वही इथं परक्यांच्या हाती होती. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. टिकली ती मंडळी. टिळकांची भजनं आजही ‘उपासना संगीत’मधून गाते ती तीच. नियम, वह्या, वर्गणी असलेली गोष्ट टिकते आणि मोकळी गोष्ट विरून जाते, हे आम्हाला सुखाचं वाटत नाही. पण ते खरं आहे.

दुसरी हरकत आमची, आणि ती पुस्तकाबद्दल आहे. नगरच्या मंडळीत बहुसंख्य माणसं महार आणि मांग समाजातली होती. ती बहुधा एकेकटी आली नाहीत. कुटुंबानं, वस्तीनं आली. त्यांना टिळकांसारखी आगगाडीतली भेट नव्हती आणि लक्ष्मीबाईंसारखं सोडायला सोवळंही नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’त ही माणसं येतात, पण बरीचशी लक्ष्मीबाईंच्या बदलाचं निमित्त म्हणून. लक्ष्मीबाई स्वतःची फजिती इतक्या निर्मळपणे सांगतात की त्यांना दोष देववत नाही. पण मंडळीची म्हणून आपण जी स्मृती वाचतो, ती मुख्यतः एका घराची आहे, हे वाचताना विसरू नये.

आणि ही गोष्ट जुनी झालेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी बांधला. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना खुला झाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. मंडळी म्हणते, तू आमचा. गाव त्याची जात विसरत नाही. कागद मात्र म्हणतो, तुला जात नाही. मग हा माणूस नेमका कुठला?

शेवटी एक कबुली देतो. आम्ही नोकरीत असताना आमचे एक ख्रिस्ती सहकारी होते. नवा माणूस भेटला की हमखास म्हणायचा, “तुम्ही मराठी किती छान बोलता!” ते हसून सांगायचे, “आईनं शिकवलं.” एकदा चहा पिता पिता आम्हीच त्यांना विचारलं, “पण तुम्ही मूळचे कोण?” त्यांनी कप खाली ठेवला. “सर, मूळचे म्हणजे किती मागचे?”

आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. आम्हाला उत्तर सुचलं नाही. आम्ही जन्म विचारला होता. ते आपल्या मंडळीत जगत होते. आज वाटतं, विचारायला हवं होतं ते असं : तुमच्या आठवणीत कोण कोण आहे? आणि तुमची आशा कोणाबरोबर आहे?

‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचाल तेव्हा हे दोन प्रश्न जवळ ठेवा. आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला ‘मंडळी’ म्हणालं, तर त्यात कोणाला धरलंय आणि कोण राहून गेलंय, एवढं बघा.