‘तू मोडेम आहेस का?’ : मोडेममॅनेजरचं काय पटतं, काय नाही

अकोले तालुक्यातल्या घाटघरला धो धो पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातलं पाथर्डी ढगांकडे बघत बसलेलं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात पावसावर काम करायचं तर मापक दोन्हीकडे लावायला हवेत. शिवारातून आकडे पाठवायला केबल नसते. मग रास्पबेरी पाय, त्याला आर्डुइनो आणि एक यूएसबी डोंगल. ही जोडणी तुमच्यापैकी बरेचजण करणार, म्हणून आज लिनक्समधल्या मोडेममॅनेजरबद्दल.

आधी त्याचं श्रेय. सगळे डोंगल एका भाषेत बोलत नाहीत. कुणी 1981 च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेल्या एटी कमांड घेतं, कुणी क्वालकॉमचं क्यूएमआय, कुणी एमबीआयएम. बरेच जुने डोंगल तर खोचल्यावर आधी सीडी ड्राइव्हचं सोंग घेतात (आत विंडोजचा ड्रायव्हर!) आणि यूएसबी मोडस्विचने हलवल्याशिवाय मोडेम होत नाहीत. त्यापुढचा भाषांचा गोंधळ मोडेममॅनेजर कंपनीनिहाय प्लगइन ठेवून सांभाळतो. नेटवर्कमॅनेजरने फक्त ‘जोड’ म्हणायचं. रचना म्हणून मला हे पूर्ण पटतं.

पटत नाही ती ओळख पटवायची जुनी पद्धत. सिरियल पोर्टवर कोण बसलंय हे बाहेरून नीट कळत नाही, म्हणून पोर्ट उघडायचा, ‘एटी’ पाठवायचं, ‘ओके’ येतं का बघायचं. मोडेमला हे चालतं. पण आर्डुइनो उनोचा पोर्ट नुसता उघडला तरी बोर्ड रिसेट होतो. पावसाची मोजणी मेमरीतच ठेवली असेल तर ती गेली. वर तेवढा वेळ पोर्ट अडकलेला. समजा रात्री लाइट गेली-आली, पाय पुन्हा सुरू झाला, तुमचा प्रोग्राम पोर्ट मागायला गेला आणि ‘बिझी’ ऐकून बंद पडला. तक्त्यात त्या दिवशी शून्य. पाथर्डीच्या तक्त्यात शून्य पाहून कुणाला शंका तरी येईल का?

यात निम्मी चूक आपली, कारण पुन्हा प्रयत्न न करणारा प्रोग्राम आपणच लिहितो. तरीही मोडेमवाल्याच्या सोयीसाठी मोडेम नसलेल्याने किंमत मोजायची, हे मला चुकीचंच वाटतं. पुढे ‘स्ट्रिक्ट’ धोरण आलं: मोडेमची लक्षणं दिसली तरच विचारायचं. हे आधीच हवं होतं. आणि शिवारातल्या पायवर वर्षानुवर्षं कोण अपडेट करतं?

तेव्हा यूडेव्हच्या नियमात आर्डुइनोच्या व्हेंडर आयडीसाठी ‘आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर’ 1 करा. मग टेबलावरच पायची वीज चार वेळा काढून-लावून आकडे तपासा, आणि त्यानंतरच घाटघरची एसटी पकडा.