नम्रता कोणी कोणाला शिकवायची?

मी वसईत शिकवतो. वर्गात ख्रिस्ती मुले पुष्कळ. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकविताना एक कुपारी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्याकडे गर्व हे सर्वांत मोठे पाप." मागच्या बाकावरचा बौद्ध घरातला मुलगा उठला. "मग आम्ही अजून किती नम्र व्हायचे?" वर्ग हसला. मला काही उत्तर सुचले नाही. हा लेख त्यातूनच निघाला.

ख्रिस्ती विचारात गर्व सर्व पापांच्या मुळाशी आहे. संत ऑगस्टिनने ही मांडणी पक्की केली. जन्मावरून स्वतःला भूदेव म्हणविणाऱ्यांच्या देशात गर्वाला पाप म्हणणारा विचार आला, हे चांगलेच झाले. पण हे पाप कोणाच्या अनुभवातून ठरले? अमेरिकन अभ्यासक व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० साली हाच प्रश्न टाकला. गर्वाची ही मीमांसा पुरुषांच्या अनुभवावर उभी आहे; जिला 'स्व' घडवूच दिला नाही त्या स्त्रीला 'स्व' सोडायला सांगून काय साधणार? स्त्रीच्या जागी आमचा माणूस ठेवून पाहा.

माझे आजोबा 'जोहार' घालीत, वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घेत. हिला नम्रता म्हणणार काय? ती लाचारी होती, आणि बापाने 'जय भीम' म्हटले तेव्हा गावाला तो माज वाटला. भाषाही येथे दगा देते. डोंगरावरील प्रवचनाच्या मराठी भाषांतरात 'दीन' हा शब्द येतो. मराठीत तो 'दीन-दलित' असा जोडीनेच नांदतो. बागायतदार श्रोत्याला तो आदर्श वाटत असेल; आमच्या वस्तीत तो जन्मदाखला आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. ते काम तेव्हा गुलामाचे. पण तो आपले गुरुपण नाकारीत नाही, शिष्य आपल्याला गुरू म्हणतात ते योग्यच असे सांगतो. उभा असलेला माणूस स्वेच्छेने वाकतो आहे. ज्याला उभेच राहू दिले नाही त्याचे वाकणे याच नावाने ओळखणे हा त्या प्रसंगावरही अन्याय आहे.

या दृष्टीने लक्ष्मीबाई मला मोठ्या वाटतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी सोवळे सांभाळले. जात देवाने नव्हे, माणसाने केली, हे स्वतःच्या मनाला पटले तेव्हा सोवळे सुटले; धर्म त्यानंतर बदलला. हा क्रम ध्यानात घ्यावा. आणि हे सांगताना त्या पश्चात्तापाचा आव आणीत नाहीत, स्वतःच्या सोवळ्याला हसतात. सवर्णाची नम्रता असावी तर अशी. तरीही एक गोष्ट खुपतेच. खाली उतरणाऱ्या ब्राह्मण बाईची कथा मराठीने डोक्यावर घेतली. तिच्याआधी ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांची स्मृतिचित्रे कोणी लिहून घेतली?

वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले, १७३९ ला गेले. ख्रिस्ती धर्म राहिला, आणि त्याच्या पोटात जातही राहिली. आमचे पूर्वज सामवेदी ब्राह्मण, हे कुपारी समाजात आजही अभिमानाने सांगितले जाते. आमचे पूर्वज अंत्यज होते, असे सांगणारा मला येथे अजून भेटायचा आहे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत तर दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत उभी राहिली. गर्वाविरुद्धची प्रवचने तेथेही होत असतीलच.

नम्रता म्हणजे गप्प बसणे, असेही वसईचा इतिहास सांगत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो बिल्डर आणि गुंडांपुढे उभे राहिले. तेव्हा त्यांना कोणी गर्विष्ठ म्हटले नाही. हीच ताठ मान आमच्या कार्यकर्त्याची असली की तिला उर्मटपणा का म्हणतात?

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून त्यांत स्त्रियांनाही जागा दिली. मी त्या विद्यार्थिनीला विचारले, तुमच्या वाडीत मजुरी करणारे कोणी त्या बारांत कधी बसले होते काय? ती थोडा वेळ थांबली. म्हणाली, "घरी विचारून सांगते, सर."