निम्मं फेकून द्या

पाककृती हा वाङ्मयप्रकार आहे असं आपले समीक्षक मानत नाहीत. कविता कळली नाही तरी कुणाचं जेवण अडत नाही, आणि तिच्यावर ग्रंथ निघतात. पाककृती कळली नाही तर अख्खं घर उपाशी राहतं, पण तिच्यावर चार ओळी लिहायला कुणी तयार नाही. म्हणून ‘सावरडोचं स्टार्टर’ या अलीकडच्या लोकप्रिय रचनेचं परीक्षण मीच करायला घेतलं आहे.

(सावरडो म्हटल्यावर आमच्या काकांना चिपळूणजवळचं सावर्डे आठवलं. त्याचा इथे संबंध नाही.)

हे पावाचं विरजण. पीठ-पाणी कालवून बरणीत ठेवायचं, रोज त्यात नवं पीठ-पाणी घालायचं, आणि पिठातलंच रानटी यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू जोमात आले की त्यावर पाव फुगवायचा. बाजारात यीस्टच्या वड्या येण्यापूर्वी जगातला बराचसा पाव असाच फुगत होता. गोव्याचे पोदेर या कामाला माडाची सूर घेत. 2020 च्या टाळेबंदीत ही रचना घरोघर पोचली आणि आमच्या सोसायटीतही तिची पारायणं झाली.

सुरुवात झोकात आहे. 50 ग्रॅम कणीक, 50 ग्रॅम पाणी. ‘अंदाजे’, ‘चवीपुरतं’, ‘मावेल तेवढं’ यांवर पोसलेल्या माणसाला ही भाषा कोर्टाच्या निकालासारखी वाटते. पण पुढच्याच ओळीत लेखक म्हणतो, ‘आता यातलं निम्मं फेकून द्या.’ शिळ्या पोळीचाही कुस्करा करणारा मराठी वाचक इथे पुस्तक मिटतो. फेकून द्या? का म्हणून?

लेखक कारण देत नाही. वास्तविक कारण चांगलं भक्कम आहे. 50 ग्रॅम आंबवणात तितकंच पीठ नि तितकंच पाणी घातलं की झालं 150. म्हणजे रोज तिप्पट. काही न काढता हे सात दिवस चालवलं, तर सातव्या दिवशी घरात 109 किलो आंबवण होतं. मग फेकायचं काय ते माणसांनी ठरवावं. बरं, सुरुवातच 10 ग्रॅमने केली तर फेकायचंही फारसं उरत नाही. एकदा आंबवण मुरलं, की काढलेल्या भागाची धिरडी उत्तम होतात. पहिल्या आठवड्यातलं मात्र खाऊ नये; तेव्हा बरणीत कोण बिऱ्हाड करून आहे, याचा भरवसा नसतो.

कथानकाचा घोटाळा याहून मोठा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिश्रण असं उसळतं की घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. चौथ्या दिवशी सामसूम. ना बुडबुडा, ना हालचाल. लेखक मात्र चौथा दिवस ओलांडून थेट ‘सातव्या दिवशी तयार’ वर उडी मारतो. खरी गोष्ट अशी, की पहिली उसळी यीस्टची नसतेच. ते दुसरेच जिवाणू. आंबटपणा वाढला की ते मागे हटतात. मग हळूहळू यीस्ट जम बसवतं, कधी सातव्या दिवशी, कधी चौदाव्या. हे एक वाक्य न लिहिल्यामुळे किती जिवंत बरण्या मोरीत ओतल्या गेल्या असतील!

आणि ते ‘दर बारा तासांनी’! हे लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात पारा बावीसच्या वर जात नसावा. नागपूरच्या मे महिन्यात तेच मिश्रण तीन-चार तासांत फुगून खालीही बसतं. पुस्तक पाहून थांबलेल्याला बारा तासांनी मिळते ती आंबट खळ. आपल्याकडे कुठली आजी विरजणाला घड्याळ लावते? उन्हाळ्यात थेंबभर, थंडीत चमचाभर, आणि पातेलं कणकेच्या डब्यात. इथेही तेच. बरणीला रबर लावून ठेवावं, मिश्रण दुप्पट होऊन किंचित खाली येऊ लागलं की खायला घालावं. रोज पाव करायचा नसेल तर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याला एकदा घातलं तरी पुरतं. वर करडं पाणी आलं तर ते उपाशी आहे एवढंच. गुलाबी छटा किंवा बुरशी दिसली तर मात्र दया-माया नको.

शेवटचं प्रकरण वंशावळीचं, आणि ते सरळ गाळावं. सॅन फ्रान्सिस्कोची एक बेकरी आपलं आंबवण 1849 पासूनचं सांगते. 1906 च्या भूकंपात ते म्हणे बादलीतून वाचवलं. बेल्जियममध्ये सँक्ट व्हिथला तर आंबवणांचं ग्रंथालयच आहे. असू दे. पण रोज तिप्पट करून दोन भाग काढले, तर आठवड्याने मूळ पिठाचा 2187 वा भाग उरतो. घराणं जुनं, पीठ मात्र परवाच्या दळणाचं.

आमच्या विरजणाचं मूळ मी सौ.ला विचारलं. म्हणाली, समोरच्या वहिनींकडून आणलं. वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अहो, दिवाळीत आमचं संपलं तेव्हा तुमच्याकडूनच तर नेलं होतं!”