इशाऱ्याचा मान

(अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय वाचून काहींना वाटलं असेल, की हा गृहस्थ नव्या गाड्यांना नावं ठेवायला आलाय. तसं नाही. समोरचा ट्रक अचानक थांबला, तुमचं लक्ष नव्हतं, आणि कॅमेऱ्याने बघून गाडीने स्वतःच ब्रेक लावला, ही फार मोठी सोय आहे. माणसं वाचवणारी आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हेच यंत्र दिवसभर इतकं बोलतं, की जेव्हा खरंच ऐकायला हवं तेव्हा आपण ऐकत नाही. आपण पुस्तकाची भाषा तपासतो ना, तशी आज गाडीची भाषा तपासू.

आपलाच रस्ता घ्या. अलिबागहून चौल, रेवदंडा, साळावचा पूल, पुढे काशीद, मुरूड. चौलात रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो, अगदी गडग्याला चिकटून. समोरून एसटी आली, तुम्ही गाडी कडेला घेतली. गाडी म्हणते, टुंग! लेन सोडली. आता कुठली लेन? पट्टा कुठे आहे, कुठे पुसलाय, कुठे मारलेलाच नाही. डांबराच्या जोडाची रेघ नाहीतर सावलीची कड कॅमेऱ्याला पट्टा वाटू शकते. तेवढ्यात मिनीडोर पुढे घुसते. टुंग. गडगा जवळ आला. टुंग. आणि आपला पाऊस! आरशामागच्या कॅमेऱ्याला काही दिसेनासं होतं. मग 'मला दिसत नाही' हेसुद्धा ती टुंग करूनच सांगते.

यातली एकेक सूचना वेगळी काढली तर चूक नाही. दोष असा, की सगळ्यांचा आवाज जवळजवळ सारखा. काय झालं ते कळायला स्क्रीन वाचावी लागते. ताशी ६० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे जाते. म्हणजे 'रस्त्याकडे लक्ष द्या' हे सांगण्यासाठी गाडी तुमची नजर रस्त्यावरून काढून घेते, आणि तेवढ्यात तुम्ही ३३ मीटर न बघता गेलेले असता.

चांगला इशारा कसा असतो, हे या किनाऱ्याला शिकवायची गरज नाही. बंदरावर बावटा लागतो. त्याला नंबर असतो, १ ते ११. एक-दोन म्हणजे वादळ लांब आहे. तीन-चार म्हणजे इथे जपून. पाचपासून पुढे धोका, आठपासून पुढे मोठा धोका. आणि ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटलाय. बघा, 'मला दिसत नाही' या निरोपालाही तिथे स्वतःचा नंबर आहे, तो वादळाच्या नंबरात मिसळलेला नाही. तीन नंबरचा बावटा लागला म्हटलं की कोळीवाड्यात कुणाला अर्थ विचारावा लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा हजारो माणसं आधीच हलवली गेली होती. रोजच्या वाऱ्याला जर दहा नंबरचा बावटा लावला असता, तर त्या दिवशी घर सोडून कोण निघालं असतं?

दुसरं उदाहरण एसटीचं. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढीच भाषा! ड्रायव्हरला मागे वळून बघावं लागत नाही. आगरदांडा-दिघी फेरीवर गाडी चढवताना बघा. चारी बाजूंनी सेन्सर किंचाळत असतात, आणि चालवणारा बघतो कुणाकडे? समोर हात हलवणाऱ्या माणसाकडे. 'येऊ द्या, येऊ द्या... बास!' त्या 'बास'ला किंमत आहे, कारण तो आधी उगाच बास म्हणालेला नसतो.

ही गोष्ट मोठ्या यंत्रांच्या दुनियेने फार महागात शिकलीय. १९७९ साली अमेरिकेत थ्री माईल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. सुरुवातीलाच शंभराच्या वर धोक्याच्या घंटा वाजल्या, आणि त्यातल्या बिनमहत्त्वाच्या गप्प करायची सोय नव्हती. माणसं हजर होती, शिकलेली होती. पण नेमकं काय बिघडलंय ते त्या गोंगाटात हरवलं. विमानात म्हणून उलट केलं जातं. टेक-ऑफच्या धावेत एका वेगानंतर दुय्यम इशारे मुद्दाम दाबून ठेवतात. वैमानिकाला त्या क्षणी फक्त जीवावरचं तेवढं सांगायचं.

मग मोटारीत हा विवेक का नाही? मला दिसतं ते कारण सरळ आहे. इशारा दिला नाही आणि अपघात झाला, तर बोट बनवणाऱ्याकडे. दहा वेळा उगाच दिला, तर त्रास फक्त तुम्हाला. त्यामुळे शंका आली की वाजवा! जबाबदारी हळूच चालवणाऱ्याच्या कानात ओतली जाते.

कुणी म्हणेल, अहो, बंद करा की. तिथेच खरी भीती आहे. वैतागलेला माणूस मेनूत जाऊन एकेक ओळ वाचत बसत नाही. जे जे बंद होतं ते करून टाकतो, आणि त्यात तो जीव वाचवणारा ब्रेकही जाऊ शकतो. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही सुरू. म्हणजे रोज सकाळी आधी तिला गप्प करायचं, मग निघायचं. सवय कसली लागली? इशारा पुसून टाकायची.

आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या मोटारी ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजतात. निदान तिथे दोन पायऱ्या तरी आहेत. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने बस आणि ट्रकसाठी मसुदा काढला. लेन सुटल्याचा इशारा, पेंगणाऱ्या चालकाला इशारा, आपोआप लागणारा ब्रेक. हेतू उत्तम. पण बस या रस्त्याने जाणार आहे, कार्लेखिंडीतून, चौलातून, मागे चाळीस-पन्नास माणसं घेऊन. तिची कानउघाडणी कुठल्या पट्ट्यांवर होणार, हे आत्ताच विचारायला हवं. चाचणी आखलेल्या कोऱ्या महामार्गावर नको, इथे घ्या, जुलैच्या पावसात घ्या.

तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. टेस्ट ड्राइव्ह गावातल्या अरुंद रस्त्यावर मागा. स्क्रीनकडे न बघता, नुसत्या आवाजावरून काय झालं ते सांगता येतं का बघा. आणि ब्रेक चालू ठेवून बाकीची बडबड बंद होते का, ते विकणाऱ्याला करून दाखवायला लावा. होत नसेल, तर ती गाडी तुमच्याशी नीट बोलायला अजून शिकलेली नाही.