गळे आहेत, बैठक नाही

2024च्या एप्रिलात मंगळवारी 9 तारखेला गुढीपाडवा आला. त्याला लागूनच सिंधी मंडळींचा चेटीचंड, गुरुवारी 11 तारखेला रमझान ईद आणि रविवारी 14 तारखेला भीमजयंती. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही लोकलच्या एकाच रुळावर ओवलेली तीन शहरं. इथे जे जे वाजतं आणि गायलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं त्या सहा दिवसांत रस्त्यावर येऊन गेलं. पाडव्याच्या शोभायात्रेत लेझीम आणि ढोल-ताशा, चेटीचंडाला बहिराण्याच्या मिरवणुकीपुढचा काठ्यांचा नाच, म्हणजे छेज, भीमजयंतीला निळ्या गुलालातली मिरवणूक. रामनवमी तोंडावर आली होती, त्यामुळे गावठाणातल्या मांडवांतून टाळही ऐकू येत होते. त्या आठवड्यात होता होईल तेवढं मी ऐकलं, आणि एक प्रश्न घेऊन घरी आलो. ज्या पट्ट्यात इतके गळे आहेत आणि इतके हात ताल धरतात, तिथल्या मुलाला गाणं नीट शिकून पुढे जायचं म्हटलं की कल्याणची किंवा डोंबिवलीची गाडी का धरावी लागते?

उत्तर शोधायला आधी घड्याळ बघावं लागतं. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 68 किलोमीटर आहे. सहाला कचेरी सुटलेला माणूस गर्दीतून उभ्याने येऊन घराचा उंबरा ओलांडतो तेव्हा आठ-साडेआठ झालेले असतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले आहेत. तो नियम हवाच, आजाऱ्यांसाठी आणि अभ्यासाला बसलेल्या मुलांसाठी. पण त्याचा परिणाम काय झाला, हेही मांडायला हवं. वारकऱ्यांचा जागर, सिंध्यांचा भगत, भीमगीतांचा सवाल-जवाब ही सगळी रात्रीची अपत्यं आहेत. मध्यरात्र उलटल्यावर त्यांना रंग चढायचा. आता नोकरदाराच्या वाट्याला आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी जेमतेम तास-दीड तास उरतो, आणि त्यात जेवणही उरकायचं असतं. आमच्याकडे कला टिकते की नाही, हा प्रश्न पुष्कळदा पैशाआधी या तास-दीड तासाचा असतो.

म्हणूनच इथलं सर्वांत नेमाने होणारं गाणं लोकलच्या डब्यात होतं. सकाळच्या बदलापूर आणि अंबरनाथ गाड्यांतली भजनी मंडळं हा टिंगलीचा विषय नाही. ठरलेला डबा, ठरलेले दरवाजे, कुणाच्या पिशवीत टाळांची जोडी, आणि ढोलकी नसली तर पत्र्याच्या भिंतीवर पडणारा हात. गाडीचा खडखडाट लयीत धरून अभंग म्हणणं सोपं नाही. एकदा म्हणणाऱ्याचा सूर सुटला तर पुन्हा पट्टी सापडायला पुढचं स्थानक यावं लागतं. शेजारच्या प्रवाशांच्या तक्रारी येतात, रेल्वेनेही वेळोवेळी बडगा उगारला आहे, आणि झोप मोडलेल्या माणसाची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पण दसऱ्याला डबा सजवून पूजा करणारी ही माणसं वर्षातले अडीचशे दिवस गातात. एवढा रियाज इथल्या कुठल्याही व्यासपीठावरच्या गायकाला मिळत नसेल.

आठवडा हा शब्दच संगीताचा मानायचा, तर आमच्याकडे त्याला फार जुनं नाव आहे: सप्ताह. उल्हास नदीकाठच्या, मलंगगडाच्या पायथ्याच्या आगरी गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस वीणा खाली टेकत नाही. पहारे लावलेले असतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला कधी रिक्षावाला उभा असतो, कधी ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले काका. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, म्हणजे नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत. दुपारी गाथ्यावरचं भजन, तिन्हीसांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद.

संगीताच्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट हरिपाठ आहे असं माझं मत आहे. लोक कीर्तनाला गर्दी करतात, पण घडण होते ती हरिपाठात. सत्तावीस अभंग, पावलीचा ठेका आणि रांगेत उभी आठ-दहा वर्षांची पोरं. त्यांना कुणी मात्रा मोजायला शिकवत नाही. पुढच्याचं पाऊल पडलं की आपलं पडतं आणि टाळ त्या पावलावर बसतो. लय अशी पायातून अंगात जाते. शहरातल्या क्लासमध्ये दोन वर्षं बोटांवर टाळ्या-खाली मोजूनही जे येत नाही, ते या पोरांना चार सप्ताहांत येतं. पखवाजाच्या धुमेला कणीक लावताना ती डोळे विस्फारून बघतात. तेवढ्या वेळात कणकेचा गोळा हातात देऊन नाद कसा खाली उतरतो हे कुणी सांगितलं, तर तो मुलगा तिथेच शिष्य होईल.

पण तसं होत नाही, आणि इथे सप्ताहाचा दोष स्पष्ट सांगायला हवा. सप्ताहाचं अंदाजपत्रक आता कीर्तनकाराच्या नावावर ठरतं. ज्यांची कीर्तनं मोबाइलवर लाखोंनी बघितली जातात, त्यांची तारीख मिळवण्यात मंडळाचं वर्ष जातं. पखवाजवादक आणि गायनाचार्य पुष्कळदा आळंदीत शिकलेले असतात. 1917 साली जोग महाराजांनी तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली, तिचं हे ऋण आहेच. ते उत्तम वाजवतात, कीर्तन रंगवतात, मानधन घेऊन पुढच्या गावाला जातात. अभंगाच्या जुन्या चालींच्या जागी सिनेमाच्या चाली आल्या आहेत, कारण त्यावर टाळी लवकर पडते. आणि आठव्या दिवशी टाळ पेटीत जातात. पावलीत उभ्या असलेल्या पोराचा हात पुन्हा टाळाला लागतो तो पुढच्या वर्षी.

या सगळ्यात सातत्य आहे ते बायकांच्या भजनी मंडळांत. बदलापुरात नव्या वसाहती उठल्या, तिथे दादर-परळहून आलेली, कोकण-घाटावरून आलेली कुटुंबं राहायला आली. त्यांतल्या गृहिणी आणि निवृत्त शिक्षिका आठवड्यातून एक दुपार ठरवून बसतात. पेटी कुणीतरी शिकलेली असते, वहीत अभंग आणि गवळणी उतरवलेल्या असतात, चुकलं तर थांबवून पुन्हा म्हणवून घेतलं जातं. आठवड्याची ठरलेली बैठक असणारा हा या पट्ट्यातला बहुधा एकमेव गट आहे. आणि शहरातल्या मोठ्या कार्यक्रमात त्यांना काय मिळतं? पाहुणे यायच्या आधी, खुर्च्या भरत असताना, स्वागतगीताची चार मिनिटं.

उल्हासनगरची गोष्ट निराळ्या वेदनेची आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे उतरवलेली लाखाच्या आसपास सिंधी माणसं, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते मिळालेलं नवं नाव. बराकींना कॅम्पचे आकडे होते, ते आजही पत्त्यांत आहेत. या माणसांनी जमीन आणली नाही, पण सूर आणले. भगत हा त्यांचा लोकाविष्कार: लांब झगा, पायात घुंगरू, गाणं, नाच आणि कथा एकाच माणसाच्या अंगी, रात्रभर. आपल्या कीर्तनकाराचा आणि शाहिराचा तो सख्खा भाऊ. त्यातले सर्वांत मोठे संत कंवरराम. 1 नोव्हेंबर 1939 रोजी सिंधमधल्या रुक स्थानकावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांची तसबीर उल्हासनगरात आजही घरोघरी दिसते. त्यांची कला मात्र दिसत नाही. सिंधी भाषेला 1967 साली आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, पण भाषेला राज्य मिळालं नाही. तिसऱ्या पिढीतल्या पुष्कळांना लिपी वाचता येत नाही, म्हणून सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यातला श्लेष गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही निसटतो. दरबार आणि टिकाणे या सिंधी प्रार्थनास्थळांत पहाटेचं कीर्तन भरपूर आहे, सुरेलही आहे. लाडे ही लग्नातली गाणी मात्र आजीबरोबर चालली आहेत आणि छेजच्या काठ्या ध्वनिमुद्रित ठेक्यावर पडतात. शेजारी राहून मराठी रसिकाने हे कधी ऐकलंच नाही, याची मला खंत वाटते. विठ्ठलवाडीहून उल्हासनगरला तर गाडी काही मिनिटांतच पोहोचते.

भीमजयंतीच्या रात्री मी कॅम्प चारच्या सुभाष टेकडीकडे गेलो. एके काळी या वस्त्यांतली जयंती म्हणजे गायन पार्टी. दोन पार्ट्या समोरासमोर, कव्वालीच्या ढंगाने सवाल-जवाब, बाबासाहेबांच्या चरित्रातला प्रसंग घेऊन जागच्या जागी रचलेलं कडवं. लोककवी वामनदादा कर्डकांनी (1922–2004) गावोगाव फिरून जे पेरलं, त्याचं पीक इथे पिढ्यान्‌पिढ्या निघालं. शेजारच्या कल्याणात राहिलेले प्रल्हाद शिंदे एकाच गळ्याने विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाली गायले. तो गळा कुठल्या संगीत विद्यालयात तयार झाला नव्हता, अशाच रात्रींतून तयार झाला होता. आता मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती असतात. शब्द त्यात बुडून जातात, आणि भीमगीतात शब्द बुडाला की काय उरतं? ढोलकीवाल्याला विचारलं तर तो सांगेल की त्याचं घर जयंतीवर चालत नाही, हळदीवर चालतं. आगरी लग्नांतली हळद हाच या पट्ट्यातल्या वादकांचा खरा रोजगार आहे. बेंजो, ढोलकी, कीबोर्ड, पहाटेपर्यंतचा नाच. त्याच मांडवात पूर्वी धवलारीण धवळे गाऊन लग्नाचे विधी चालवायची. आज तिला माइक दिला तरी तिचं ऐकायला कुणी थांबत नाही.

आता महोत्सवाकडे येतो. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982चं, म्हणजे 1060 सालचं. शिलाहारांच्या काळातलं हे भूमिज शैलीचं काम महाराष्ट्रातल्या शिल्पकलेचा मानबिंदू आहे. 1868 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली मंडळी इथे राहून कोरीवकामाची रेखाटनं आणि साचे करून गेली. त्याच मंदिराच्या परिसरात गेल्या काही वर्षांत शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल भरतो. देशभर नाव असलेले गायक-वादक येतात, चित्रकार आणि शिल्पकार लोकांसमोर काम करतात. माझ्या शेजारच्या चाळीतली मुलं अशा वेळी पहिल्यांदा मोठा कलावंत डोळ्यांनी बघतात, याचं मोल मी कमी मानत नाही. पण समीक्षक म्हणून दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. मंदिराला लागून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्याने नासली आहे, आणि व्यासपीठावरचा प्रकाश तिच्यावर पडतो तेव्हा ती झाकता येत नाही. दुसरं म्हणजे, या उत्सवात अंबरनाथ हा श्रोता आहे, कलावंत नाही. गाव मैदान देतं, गर्दी देतं, टाळ्या देतं. चार दिवसांनी मांडव उतरतो, आणि तबला शिकणाऱ्या इथल्या मुलाच्या हातात त्यातलं काहीच राहत नाही.

आमच्याकडे मधली पायरीच नाही. खाली डब्यातलं भजन आणि सप्ताहाचा हरिपाठ, वर हजारोंचा महोत्सव. या दोहोंमध्ये पन्नास-साठ माणसांची बैठक हवी, जिथे शिकणाऱ्याने तासभर गावं, जाणत्याने ऐकावं आणि कार्यक्रम संपल्यावर चूक सांगावी. कल्याणला गायन समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या दिली. आमच्याकडे कार्यालयं आहेत, बँक्वेट हॉल आहेत, शाळांची सभागृहं आहेत, आणि बहुतेक संध्याकाळी त्यांना कुलूप असतं.

पैसा लागतो, असं म्हणणाऱ्यांनी बदलापुरातला ग्रंथसखा आठवावा. श्याम जोशी यांनी मराठी पुस्तकांचा जो अफाट संग्रह तिथे उभा केला, त्याची सुरुवात एका माणसाच्या हट्टातून झाली. पुस्तकांसाठी जे झालं ते गाण्यासाठी होऊ शकतं. शिवाय घड्याळाचीही अडचण राहत नाही. दहानंतरची बंदी उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला आहे. बंद सभागृहात आतल्या आत चाललेल्या कार्यक्रमाला त्याच नियमांत मोकळीक आहे. तानपुरा, पेटी, तबला आणि साठ श्रोते यांना भिंतीएवढे ध्वनिक्षेपक कशाला हवेत? साडेआठला घरी आलेला माणूस जेवून साडेनऊला येऊन बसू शकतो. महोत्सव भरवणाऱ्यांनी खर्चाचा छोटा हिस्सा अशा बैठकांना द्यावा, आणि मुख्य कलावंताच्या आधी अर्धा तास इथल्याच एखाद्या भजनी मंडळाला, भगत गाणाऱ्या म्हाताऱ्याला किंवा गायन पार्टीला द्यावा. स्वागतगीतासाठी नव्हे, पूर्ण अर्धा तास, नाव जाहीर करून आणि मानधन देऊन.

वाचकांनाही एक विनंती आहे. येत्या सप्ताहात पंगतीच्या वेळेला जाऊ नका, तासभर आधी हरिपाठाला जा. पावलीत ज्याचा टाळ चुकत नाही अशा पोराचं नाव विचारून ठेवा, आणि नवव्या दिवशी त्याला बसायला तुमच्या सोसायटीचा हॉल उघडून द्या.